पहिल्या आदणाचा गूळ

तुमच्यापैकी मधलीनं गेल्या महिन्यात पत्रातून विचारलं, "आजी, आमच्या वर्गात वाद झाला. माणसाच्या जगण्याचा शेवटचा हेतू सुख हाच असतो का? तू काय म्हणशील?" प्रश्न दोन ओळींचा होता, आणि उत्तरही दोन ओळींत देता आलं असतं. ते मी पूर्वी एकदा दिलेलं आहे. सांगलीच्या कॉलेजात बी.ए.ला माझा तत्त्वज्ञान हा विषय होता आणि नेमका हाच प्रश्न परीक्षेत आला होता. मी इंग्रजीत सहा पानं लिहिली. सुख हे साध्य नव्हे, ते कर्तव्याच्या मागून आलं तर येतं आणि न आलं तरी बिघडत नाही, असं मी त्यात सिद्ध केलं. वर्गात पहिली आले. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि तोवर मला कसलीही अनावर इच्छा कधी झालेली नव्हती. ही गोष्ट उत्तरपत्रिकेत लिहायची राहून गेली.

म्हणून या वेळी मी उत्तर लिहीत नाही, घडलेलं लिहिते. तुमच्या आजोबांनाही हे सगळं माहीत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. लग्न होऊन मी उंब्रजपासून तीन मैलांवरच्या गावात आले होते आणि उंब्रजच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा फौजेत, उत्तरेकडे. घरात सासू, सासरे आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. मामंजीही जुने फौजी, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सहा एकर ऊस होता आणि ओढ्याकाठी स्वतःचं गुऱ्हाळ होतं. साखर कारखाना जवळ आला तरी त्यांनी निम्मा ऊस गुळासाठी राखला होता. मी शिकलेली म्हणून ते मला 'तुमी' म्हणत.

त्या श्रावणात त्यांच्या पायाची जखम भरेना, म्हणून मी त्यांना कराडच्या डॉक्टरांकडे नेलं. मधुमेह निघाला. डॉक्टरांनी रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन सांगितलं, गोड पूर्ण बंद केलं आणि सगळ्या सूचना इंग्रजीतून मला दिल्या, कारण त्या खोलीत ते समजणारी मी एकटीच होते. शेवटी ते म्हणाले, इंजेक्शन घेऊन जेवण चुकलं तर साखर एकदम उतरते. माणसाला घाम फुटतो, हातपाय थरथरतात, जीभ जड होते. तेव्हा क्षणभरही न थांबता साखर किंवा गूळ द्यायचा. मी वहीत ते लिहून घेतलं आणि खाली लाल रेघ मारली. मामंजींनी वाटेत विचारलं, "त्यो शेवटाला काय म्हनला?" मी त्यांना मराठीत सांगितलं.

तुमच्या आजोबांचं पत्र आलं, "आबांचं पथ्य तुझ्यावर सोपवतो." मला हे काम आवडलं, हे मी लपवत नाही. मी तक्ता केला. काचेची सिरिंज उकळायची वेळ, इंजेक्शनची वेळ, दीड भाकरी, पालेभाजी, ताक. घरात फ्रिज नव्हता, तेव्हा इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. गूळ-साखर कोठीच्या खोलीत, कोठीला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. आत्याबाईंनी चाळीस वर्षं ज्या खोलीत हात घातला, तिथं जायला त्यांना आता माझी परवानगी लागायची. त्या म्हणाल्या, "म्या चोर हाय व्हय गं?" मी म्हटलं, "तुम्ही दयाळू आहात. ते जास्त धोक्याचं."

रोज सकाळी त्यांची लघवी तपासायची असे. काचनळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी टाकायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत विटकरी झालं तर भरपूर. ज्या घरात सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, तिथं मी मामंजींच्या हातात बाटली दिली होती. ते ती मोरीच्या खिडकीत फडक्याखाली झाकून ठेवत आणि मी शाळेला जाईपर्यंत माझ्यासमोर येत नसत. मला ते समजत होतं. तरीही मी तपासणी थांबवली नाही.

आठवडाभर विटकरी रंग आला आणि मग एकदम निळा. रोज निळा. मी तुमच्या आजोबांना विजयाचं पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी मोरीमागच्या दगडाकडे माझं लक्ष गेलं. मामंजी पहाटे तिथं लघवीला उभे राहत. दगडावर मुंग्यांची रांग लागली होती, लाल, जाड, एकीवर एक. मी परत आले, नळीतला सुंदर निळा रंग पाहिला आणि भाकरी थापणाऱ्या आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"बाटली कोणाची?"

आत्याबाईंनी भाकरी उलटली. "माझी. तू इचारलंच न्हाईस. इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

ओसरीवरून मामंजी खोकले. मग दोघंही हसायला लागले, साठी उलटलेली दोन माणसं, शाळेतल्या पोरांसारखी. आत्याबाईंना तर ठसका लागला. मी हसले नाही. मामंजी गूळ आणत होते गावातल्या वाण्याकडून, कोपरीच्या खिशात. मी त्याच दिवशी वाण्याला चार लोकांसमोर सांगून आले की यापुढे यांना गूळ दिला तर यांच्या मरणाला तुम्ही जबाबदार.

दसऱ्याच्या सुमारास एकदा मी शाळेतून आले तर मामंजी खाटेवर पडून हात थरथरवत होते. "सूनबाई, घाम... जीभ जड झाली बगा." मी धावत कोठी उघडली आणि दोन चमचे साखर दिली. त्यांनी ती जिभेवर इतका वेळ घोळवली की मला शंका आली. कपाळाला हात लावला, कोरडं. "बाटली भरा," मी म्हटलं, "आत्ता. मी दाराबाहेर उभी आहे." नळी विटकरी झाली. मी ती त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. ते म्हणाले, "दोन चमच्यांपायी किती तो तपास! फौजेत असता तर सुभेदार झाला असता."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं. भांडण म्हणून नाही, खरंच विचारलं. "तुमी शिकलेल्या. सांगा, ह्ये सगळं कशापायी?"

"तुम्ही जगावं म्हणून."

"आन जगून काय करू?"

मी त्यांना माझी सहा पानं सांगितली, सोप्या मराठीत. जीभ ही लहान गोष्ट आहे, माणूस त्याहून मोठा असतो, कर्तव्यात जे समाधान आहे ते कशातच नाही. फौजी माणूस हुकूम ऐकतो तसे ते ताठ बसून ऐकत होते. मग म्हणाले, "लढाईत वाळवंटात अकरा म्हैनं व्हतो. डब्यातली बिस्किटं आन खारं पाणी. शेजारचं दोघं माझ्या म्होरं गेलं. खरं सांगू का? तवा देव आठवला न्हाई. बायकू आठवली न्हाई. आठवायचा त्यो काहिलीच्या काठाला चिकटलेला गूळ. म्हनलं, त्येवढा एकदा खायाचा हाय, मरून चालनार न्हाई."

"ऐकलं म्या!" आत्याबाई आतून ओरडल्या. "बायकू आठवली न्हाई म्हनं!"

"म्हणजे तुम्ही जिभेसाठी जगलात," मी म्हटलं.

"व्हय. पर जगलो की न्हाई?"

 मी उठून उद्याची सिरिंज उकळायला ठेवली.

मग त्यांनी मागणं मागितलं. दिवाळी झाली की गुऱ्हाळ सुरू होणार. आमच्या घरची रीत अशी की हंगामातलं पहिलं आदण, म्हणजे रस उकळायच्या काहिलीतला पहिला घाणा, उतरला की देवाला काढायचा आणि मग घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं पानावर गरम खडा घेऊन चाखायचा. त्यानं 'जमला' म्हटल्याशिवाय गूळ करणारा गुळव्या दुसरं आदण चढवत नसे. मामंजी हा मान वीस वर्षं घेत होते. "त्येवढा एक खडा," ते म्हणाले. "सुपारीयेवढा. मग वरीसभर तुमचा तक्ता. फौजी शब्द देतो."

त्यांचं त्या वर्षीचं सगळं मागणं एवढंच होतं. मी विचार करते म्हटलं, आणि विचार केला नाही. ज्यानं बाटली बदलली, थरथर रचली, त्याचा शब्द मी धरणार नव्हते. एक खडा दिला की पथ्य मोडलं, आणि उद्या दुसरा. शिस्तीबद्दल मी शाळेत मुलींना हेच सांगत असे.

पहिल्या आदणाचा दिवस रविवार होता. गुऱ्हाळावर कोणालाही रिकामं पाठवत नाहीत. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस असला तरी त्याला हाक मारून रस देतात, पानावर काकवी देतात. त्या दिवशी दहाबारा माणसं होती. मलकापूरकडचा एक बांगड्यावाला सायकल टेकवून बसला होता, त्याच्यासुद्धा पानावर गूळ होता. मामंजींनी धुतलेला फेटा बांधला होता. गुळव्यानं देवाचा भाग काढला, मग केळीच्या पानाच्या तुकड्यावर खडा घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, कारण मी सकाळीच त्याला बजावून ठेवलं होतं.

"आबा," तो खाली बघत म्हणाला, "वैनी नगं म्हनत्यात."

मामंजी हसले. "आरं दे गड्या. बोलनं झालंय आमचं." त्यांनी हात पुढं केला. तो हात मला अजून दिसतो, ओंजळीसारखा, खाली दुसरा हात लावलेला, देवळात तीर्थ घेताना धरतात तसा.

मी पुढे झाले आणि म्हटलं, "यांना कशाला? यांच्या पोटात स्वतःचंच गुऱ्हाळ चालू आहे. खोटं वाटत असेल तर आमच्या मोरीमागच्या मुंग्यांना विचारा."

सगळे हसले. बांगड्यावाला हसला, काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं पाचट सारणारा गडी हसला. वाक्य चांगलं जमलं होतं. मामंजीही हसले, मात्र हात खाली आणायचं विसरले. मग गुळव्यानं विचारलं, "मग चाखायचं कुनी? आदण खोळंबलंय." मी म्हटलं, "मी चाखते." आणि त्यांच्या पुढं केलेल्या हातावरून हात नेऊन गुळव्याच्या पानावरचा तो खडा मी उचलला, तोंडात घातला आणि म्हटलं, "जमला. चढव दुसरं."

तुम्हाला माहीत आहे, मला गोड आवडत नाही. लहानपणापासून आवडत नाही.

घरी येताना ते माझ्या चार पावलं मागून चालत होते. फाटकाशी म्हणाले, "कसा लागला, त्येवढं तरी सांगा."

"गोड," मी म्हटलं. "आणखी कसा लागणार?"

त्यानंतर तीन दिवस ते बोलले नाहीत. इंजेक्शनला दंड पुढे करत, बाटली ठेवत. नळी हिरवी, मग निळी. या वेळी मुंग्याही नव्हत्या, मी पाहून आले होते. ते दुपारची भाकरी बैलांपुढे टाकत होते, हे मला ठाऊक नव्हतं. आत्याबाईंना ठाऊक होतं. त्यांनी मला सांगितलं नाही, कारण मला काही सांगण्याची चाल त्या घरात आता उरली नव्हती.

चौथ्या दिवशी साडेचारला मी शाळेतून आले. मामंजी खाटेवर होते. हात थरथरत होते. म्हणाले, "गूळ... द्या." शब्द लडबडत होते, प्यालेल्या माणसासारखे.

मी छत्री खुंटीला लावली. "मामंजी, हे नाटक एकदा होऊन गेलंय."

"गूळ."

"आधी बाटली. तपासते, मग ठरवू."

वहीत लाल रेघ मारून लिहिलेलं होतं, क्षणभरही न थांबता. मला ते पाठ होतं. पण कपाळाला हात लावायचं त्या दिवशी मला सुचलं नाही, किंवा नकोसं वाटलं. मी दिवा पेटवला, निळं औषध मोजून नळीत घेतलं आणि बाटली त्यांच्या हातात दिली. ती त्यांच्या बोटांतून सुटून फुटली. मी म्हटलं, "हेही ठरवूनच!" आणि काचा वेचायला वाकले. वाकल्यावर मला त्यांचं धोतर ओलं झालेलं दिसलं. मग त्यांची मान कलंडली. चेहरा घामानं इतका निथळत होता की उशीवर डाग पडला होता.

मी कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडेना. बोटं माझीच, किल्ली माझीच, पण ती आत जाईना. मागून आत्याबाई आल्या, मला खांद्यानं बाजूला लोटलं आणि कोठीकडे न जाता ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. फडक्यात बांधलेला खडा निघाला. पहिल्या आदणाचाच. गुऱ्हाळावरून त्यांनी तो पदरात बांधून आणला होता आणि माझी नजर चुकवून मामंजींच्या हातावर ठेवायची संधी पाहत होत्या. त्यांनी तो तोंडात चावून मऊ केला आणि बोटानं मामंजींच्या हिरड्यांना चोळला. पुन्हा चावला, पुन्हा चोळला. लाळ, गूळ, घाम, सगळं हनुवटीवरून वाहत होतं. मला त्या म्हणाल्या, "तू दिवा इझव. उगंच जळतोय."

पाऊण तासानं त्यांनी डोळे उघडले. आत्याबाई त्यांचं तोंड पुसत होत्या. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, बोटाला चिकटलेलं पाहिलं. "ह्यो काय? गूळ?"

"पहिल्या आदणाचा," आत्याबाई म्हणाल्या. "म्या राखला व्हता."

"आरं तिच्या!" ते म्हणाले. "आन मला कळलंच न्हाई की."

त्यांनी पुन्हा पुन्हा ओठ चाटले. काही उरलं नव्हतं. आत्याबाईंनी चांगलं पुसलं होतं.

तुमच्या आजोबांना मी लिहिलं की आबांना भोवळ आली होती, वेळीच उपचार झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. उपचार कोणी केले ते लिहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी किल्ली कोठीच्या दाराला तशीच लटकवून ठेवली. तिला कोणी हात लावला नाही. मामंजी तक्त्याप्रमाणे वागू लागले. दीड भाकरी, पालेभाजी, ताक. दुपारी एक भाकरी ताटात राहिली तर मला बोलावून दाखवत, "सूनबाई, ह्ये नोंदवा." नळी निळी राहू लागली. जखम भरली. वजन उतरलं, मग थांबलं. कराडचे डॉक्टर म्हणाले, अशी शिस्त त्यांनी शिकलेल्या घरांतही पाहिलेली नाही. मी खुशीत होते. त्याच वेळी ओसरीवरचा तो गप्प माणूस मला पाहवत नव्हता, हेही खरं आहे.

वर्षानं पुन्हा गुऱ्हाळ लागलं. मी आधी डॉक्टरांना विचारून आले. सुपारीएवढा खडा, सकाळची अर्धी भाकरी कमी करून, चालेल म्हणाले. मी मामंजींना काही सांगितलं नाही, मला तेवढं नाट्य हवं होतं. पहिलं आदण उतरलं, देवाचं झालं. तीच माणसं होती, नवीनही होती. मी केळीच्या पानावर खडा घेतला आणि सगळ्यांसमोर त्यांच्यापुढे धरला. डोक्यावरून पदर घेतला होता. म्हटलं, "मामंजी, मान तुमचा."

 मग एका हातानं त्यांनी पान घेतलं. दुसरा हात खाली लावला नाही. खडा तोडून अर्धा जिभेवर ठेवला. चुलवाणातलं पाचट तडतडत होतं. त्यांचा जबडा दोनदा हलला.

"जमला," ते गुळव्याला म्हणाले. "चढव दुसरं."

मी जवळ जाऊन हळूच विचारलं. मला राहवलं नाही. "कसा लागला?"

"गोड," ते म्हणाले. "आनखी कसा लागनार?"

त्यांनी माझा सूड घेतला, की त्यांना खरंच तेवढंच लागलं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे अडीच वर्षं ते माझ्या तक्त्यावर जगले आणि एका सकाळी खाटेवर शांत गेले, तेव्हाही कळलेलं नव्हतं. त्या दिवशी गुऱ्हाळावर उरलेला अर्धा खडा त्यांनी बैलाच्या तोंडापुढे धरला. बैलानं तो पानासकट खाल्ला आणि त्यांचा तळवा चाटत राहिला. तो त्यांनी बराच वेळ चाटू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी निळी होती. वहीत मी तसं लिहिलं.